अवज्ञेचे भय आणि भवभूती

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतील कपाटांची कोणी झडती घेतली, तर छापील पुस्तकांच्या रांगेमागे एखादी तरी हस्तलिखित वही हाती लागल्यावाचून राहणार नाही. तीत कोणाच्या कविता असतील, कोणाचे अर्धेमुर्धे नाटक असेल, कोणाच्या आजीने दुपारच्या वेळी लिहून ठेवलेल्या आठवणी असतील. या वह्या कोणी नाकारलेल्या नसतात. त्या कोणाकडे पाठविलेल्याच नसतात. 'साभार परत' हे दोन शब्द संपादकाने लिहिण्यापूर्वीच लेखकाने ते आपल्या मनाशी लिहून टाकलेले असतात आणि त्या निकालावर अपीलही केलेले नसते. लोक हसतील, लोक नाके मुरडतील, लोक म्हणतील की हा कोण लागून गेला! या भयाने जितके वाङ्मय मारले असेल, तितके टीकाकारांच्या लेखणीने खचित मारले नसेल.

या भयाची औषधे सांगणारी उपदेशपर पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात. धीर धरा, पुन्हा प्रयत्न करा, अपयश ही यशाची पायरी आहे, इत्यादी वचने त्यांत असतात आणि ती खोटीही नसतात. परंतु ज्याने हे भय स्वतः भोगले, भोगून त्यावर मात केली, आणि त्या झगड्याच्या खुणा आपल्या कृतीत जागोजाग ठेवल्या, अशा एखाद्या कवीकडे पाहिले तर अधिक काही हाती लागेल, असे आम्हांस वाटते. असा कवी आपल्या अगदी जवळचा आहे. आपले पूर्वज विदर्भातील पद्मपूरचे, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'संस्कृत कविपंचका'पासून तर तो मराठी वाचकाला घरच्यासारखा झाला आहे. तो कवी म्हणजे भवभूती.

प्रथम कालिदासाकडे एक दृष्टी टाकू. कारण हे भय त्यालाही चुकले नव्हते. 'रघुवंशा'च्या आरंभी तो आपली तुलना उंच माणसाच्याच हाताला येणाऱ्या फळासाठी हात उंचावणाऱ्या ठेंगण्याशी करतो आणि आपले हसे होईल अशी शंका बोलून दाखवितो. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत, भासासारख्या नामांकित कवींना सोडून या आजकालच्या कवीचे नाटक का करता, असा प्रश्न तो पात्राच्या तोंडून स्वतःच विचारवितो आणि जुने तेवढे सगळे चांगले नसते, शहाणा मनुष्य पारखून घेतो, असे उत्तर देववितो. 'शाकुंतला'त तर, विद्वानांचे समाधान होईपर्यंत प्रयोगाला चांगले म्हणवत नाही, इतक्या शांतपणे तो परीक्षेला उभा राहतो. कालिदासाचे भय हे मोठ्या घरी प्रथमच जाणाऱ्या पाहुण्याचे भय आहे. आत गेल्यावर आपले स्वागत होईल असा त्याला मनातून भरवसा आहे. भवभूतीची गोष्ट निराळी. उंबरठ्यावरून एकदा परत फिरविलेल्या मनुष्याचा स्वर त्याच्या वाणीत ऐकू येतो.

'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेतील त्याचा तो सुप्रसिद्ध श्लोक आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. जे कोणी आपली अवज्ञा करीत आहेत, त्यांना काय समजत असेल ते समजो, हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही. आपल्याशी समानधर्मा असा कोणी तरी निपजेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी विस्तीर्ण आहे, असा त्याचा आशय. हा श्लोक पुढे अनेकांच्या कामी आला. ज्यांची पुस्तके खपली नाहीत त्यांनी तो प्रस्तावनेत छापला, आणि ज्यांनी काही लिहिलेच नाही त्यांनीही तो आळसाचे समर्थन म्हणून तोंडपाठ केला. आज मला कोणी ओळखीत नाही, पुढच्या शतकात ओळखतील. मग आजच्या लोकांपुढे जाण्याची गरजच काय, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावण्यात आला. आमच्या मते हा अर्थ श्लोकाला सोडून आहे, आणि श्लोक ज्या ठिकाणी उच्चारला जातो त्या ठिकाणाला तर तो अगदीच विरोधी आहे.

हा श्लोक भवभूतीने कोठे घातला? एखाद्या खासगी पत्रात नव्हे, किंवा कपाटातील वहीतही नव्हे. तो त्याने सूत्रधाराच्या मुखी घातला. कालप्रियनाथाच्या यात्रेसाठी दिशादिशांतून जमलेल्या लोकांपुढे, खेळ सुरू होण्यापूर्वी, भर रंगभूमीवर तो म्हटला जावयाचा आहे. त्या समुदायात त्याची अवज्ञा करणारेही बसलेले असणार. ज्याने समकालीनांची आशा खरोखरच सोडली, तो मनुष्य आपले दहा अंकी प्रकरण नटांच्या हाती कशाला देईल? नटांशी आपला स्वाभाविक स्नेह आहे, असे तो याच प्रस्तावनेत सांगतो. म्हणजे त्याने आपली कृती आपण होऊन नेऊन दिली, तिचा प्रयोग करविला, आणि मग प्रेक्षकांच्या तोंडावर सांगितले की तुम्ही नाकारलेत तरी ही कृती नाकारली गेली असे होत नाही. शिवाय त्याने दोन कारणे दिली आहेत. काळ अनंत आहे हे झाले एक. ते भविष्याचे आहे. परंतु पृथ्वी विस्तीर्ण आहे हे दुसरे कारण भविष्याचे नाही, वर्तमानाचे आहे. आज, या क्षणी, कोठे तरी दुसऱ्या गावी तो समानधर्मा असेलही. त्याच्यापर्यंत नाटक पोहोचले पाहिजे. आणि यात्रेला तर नाना गावांचे लोक आलेले आहेत!

तरीही हा श्लोक म्हणजे भयाचा पूर्ण पराजय होय, असे आम्ही म्हणणार नाही. त्यात अभिमान आहे आणि अभिमानाखाली जखम आहे. अवज्ञा करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्याने नोंदविले नाही, पण ते त्याच्या डोळ्यांपुढून हलतही नाहीत. ज्याला लोकांची खरोखर पर्वा नाही, त्याला ती नाही असे इतक्या मोठ्याने सांगावे लागत नाही. भयाशी झुंज तेथे सुरू झाली आहे. तिचा शेवट पाहावयाचा तर 'उत्तररामचरिता'कडे वळले पाहिजे.

'उत्तररामचरित' हे भवभूतीचे शेवटचे नाटक होय, असे विद्वान बहुधा मानतात. त्याच्या अखेरच्या श्लोकात कवी स्वतःला परिणतप्रज्ञ म्हणवितो. या नाटकाच्या प्रस्तावनेत कुळाची आणि विद्येची लांबलचक ओळख आटोपती झाली आहे आणि अवज्ञा करणाऱ्यांना आव्हान तर मुळीच नाही. त्याऐवजी एक लहानसा संवाद आहे. राजाची निर्दोष स्तुती योजावी, असे नट सुचवितो. त्यावर सूत्रधार म्हणतो की मनुष्याने आपले काम सर्वथा करीत राहावे. निंदेपासून सुटका कोठून मिळणार? स्त्रियांच्या शुद्धतेविषयी लोक जसे दुष्टपणाने बोलतात, तसेच वाणीच्या शुद्धतेविषयीही. नट लगेच म्हणतो की अतिदुष्टपणाने म्हणा; प्रत्यक्ष वैदेहीविषयी लोक वाईट बोलतात, राक्षसाच्या घरी ती राहिली एवढे त्यांना पुरते, आणि अग्निशुद्धीवर त्यांचा विश्वास नाही. हे राजाच्या कानी गेले तर फार वाईट होईल, असे सूत्रधार उत्तरतो. आणि नाटकाला आरंभ होतो.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कवीने आपली वाणी आणि सीता यांना एका वाक्यात, एका तराजूत घातले आहे. दोघीही शुद्ध, दोघींविषयीही लोक संशय घेणारच. प्रश्न एवढाच उरतो, की जो त्यांचा आहे त्याने त्या वेळी काय करावे? कवीने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे: आपले काम करीत राहावे. रामाने काय केले, ते पुढे सात अंकांत आहे. हे नाटक करुणरसाचे म्हणून सर्वमान्य आहे. परंतु लोकांनी आपल्याला नाकारू नये या भयाने मनुष्य काय गमावून बसतो, त्याचाही एवढा सूक्ष्म अभ्यास संस्कृत नाट्यात दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

पहिल्या अंकातील दुर्मुखाचा प्रवेश घ्या. चित्रे पाहून थकलेली सीता रामाच्या हातावर मस्तक ठेवून झोपली आहे. वडील माणसे ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्रासाठी गेली आहेत. सल्ला विचारावा असे कोणी घरात नाही. प्रजेच्या आराधनेसाठी स्नेह, दया, सुख, फार काय जानकीही सोडावी लागली तरी आपल्याला व्यथा होणार नाही, असे राम थोड्याच वेळापूर्वी बोलून गेला आहे. अशा वेळी गुप्तहेर येतो. तो प्रथम सांगतो ती स्तुती: रामराजाने दशरथ महाराजांचा विसर पाडला, असे लोक म्हणतात. राम ती बाजूला सारतो आणि म्हणतो की ही स्तुती झाली. काही दोष असेल तर सांग. मग दुर्मुख कानात काही तरी सांगतो आणि राम मूर्च्छित होतो.

ज्याने ज्याने आपली कृती कधी लोकांपुढे ठेवली आहे, त्याला हा प्रवेश परका वाटणार नाही. दहा जणांनी वाखाणले ते कानांवरून गेले. अकराव्याने कानात सांगितले ते काळजात रुतले! आणि येथे भवभूतीने जे नाट्यकौशल्य दाखविले आहे ते पाहण्यासारखे आहे. तो अपवाद प्रेक्षकांना ऐकू येत नाही. कोण बोलले, किती जण बोलले, कोणत्या शब्दांत बोलले, यांतले काही रंगभूमीवर येत नाही. ज्या लोकांच्या भयाने एवढा अनर्थ होतो, ते लोक या अंकात दिसतच नाहीत. ते एका कुजबुजीत आहेत आणि रामाच्या मनात आहेत. राम त्यांच्यापुढे जात नाही, त्यांना विचारीत नाही. सीतेच्या मस्तकाखालचा हात तो हळूच काढून घेतो, आणि घरी वाढविलेली पाखरी फसवून मृत्यूच्या हाती देणाऱ्या खाटकाशी स्वतःची तुलना करतो. आपण करतो ते वाईट आहे हे त्याला पुरतेपणी कळते, आणि तरी तो करतो. भय याहून अधिक प्रामाणिकपणे रंगविता येणार नाही.

तिसऱ्या अंकात, छायांकात, याचा जाब विचारला जातो. बारा वर्षे लोटली आहेत. सीता अदृश्य रूपाने तेथेच उभी आहे आणि वनदेवता वासंती रामाला विचारते की हे तुम्ही का केले? लोकांना सहन होत नाही म्हणून, असे राम सांगतो. का सहन होत नाही, असे ती पुन्हा विचारते. ते त्यांनाच ठाऊक, एवढेच त्याला म्हणता येते. त्यावर वासंती म्हणते की तुम्हाला कीर्ती प्रिय म्हणून हे केलेत ना, मग याहून घोर अपकीर्ती ती कोणती? या प्रश्नाला रामापाशी उत्तर नाही. अपकीर्तीच्या भयाने पळणारा मनुष्य तिच्याच दारात जाऊन उभा राहतो, ही गोष्ट वासंतीने दोन वाक्यांत उघडी केली आहे. नाकारले जाऊ नये म्हणून रामाने स्वतः नाकारले, आणि नाकारले कोणाला, तर जिने त्याला कधीही नाकारले नसते तिला.

यावर एक आक्षेप येईल, व तो योग्यही आहे. राम हा राजा आहे. प्रजेचे मत त्याला कर्तव्य म्हणून मानावे लागते. एका भित्र्या लेखकाशी त्याची तुलना करणे म्हणजे त्याला लहान करणे नव्हे काय? भवभूतीने रामाला क्षुद्र केलेले नाही, हे आम्हांस मान्य आहे. रामाचे दुःख इतके खरे आहे की अदृश्य सीतेचे मनही त्याने निवळते. परंतु कर्तव्य आणि भय ही दोन एकमेकांच्या वेषात वावरतात, हेच तर नाटककाराला दाखवावयाचे आहे. रामाची कृती केवळ कर्तव्यच असती, तर वसिष्ठपत्नी अरुंधतीने, सुनेवाचून ओस पडलेल्या अयोध्येत आपण पाऊल टाकणार नाही, असे का म्हटले असते? ज्या वृद्धांचा सल्ला घेतला गेला नाही, त्यांचा निर्णय नाटकात स्पष्ट नोंदलेला आहे.

आता सातवा अंक. वाल्मीकींच्या रामायणात सीता अखेर भूमीच्या उदरात जाते. भवभूतीने हा शेवट बदलला. बदलला तो शेवट गोड व्हावा एवढ्याचसाठी, असे म्हणून पुष्कळ जण थांबतात. आम्हांस त्यात याहून खोल हेतू दिसतो. गंगेच्या तीरी वाल्मीकींनी रचलेल्या नाटकाचा प्रयोग व्हावयाचा आहे. अप्सरा तो करणार आहेत. आणि प्रेक्षक म्हणून नगरातील व खेड्यांतील सारी प्रजा बोलाविली आहे. पहिल्या अंकात जे अदृश्य होते, ते लोक अखेरीस समोर येऊन बसतात. त्यांच्यापुढे सीतेचा त्याग, तिचे दुःख, तिच्या मुलांचा जन्म ही सर्व उभी केली जातात. मग अरुंधती त्या लोकांना हाक मारून सरळ विचारते की अग्नीने जिची शुद्धी सांगितली, गंगा आणि पृथ्वी जिची वाखाणणी करीत आहेत, तिचा स्वीकार व्हावा की नाही, तुमचे म्हणणे काय? आणि लोक नमस्कार करतात. बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता!

ज्या कवीची नाटके लोकांनी तुच्छ लेखली होती, त्याने आपल्या अखेरच्या नाटकात लोकांचे मन वळविण्याचे काम कोणाकडे सोपविले? शस्त्राकडे नाही, राजाज्ञेकडे नाही. ते त्याने नाटकाकडे सोपविले. 'मालतीमाधवा'च्या वेळी समानधर्म्याची वाट पाहणारा भवभूती येथे अवज्ञा करणाऱ्यांनाच आपल्यापुढे आणून बसवितो आणि त्यांच्यावर विश्वास टाकतो. लोक दुष्टपणाने बोलतात हे तो विसरलेला नाही. प्रस्तावनेतच त्याने ते सांगितले आहे. पण तेच लोक, त्यांच्यापुढे सत्य उभे केले तर, वाकतात, हेही त्याला आता कळले आहे. आमच्या समजुतीप्रमाणे भयावर विजय तो येथे. नकार येणारच नाही अशी खात्री झाल्याने भय गेले, असे नव्हे. नकार आला तरी जे आपले आहे त्याचा हात सोडावयाचा नाही, आणि नकार देणाऱ्याशी बोलणेही टाकावयाचे नाही, या दोन गोष्टी साधल्या म्हणून ते गेले.

येथे आम्हांस आमच्याविषयी थोडे बोलले पाहिजे. कारण हे भय केवळ कवींना असते, असा वाचकांचा समज राहू नये. टीकाकारालाही ते असते, आणि अधिक लपलेले असते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अपरिचित तरुणाचा लहानसा काव्यसंग्रह आमच्याकडे अभिप्रायासाठी आला होता. आम्ही तो रात्री वाचावयास घेतला आणि संपविल्यावाचून खाली ठेवला नाही. तो आम्हांस आवडला होता. दुसऱ्या दिवशी चार मान्यवर मंडळींत त्या संग्रहाची थट्टा झाली. एकाने त्यातील ओळी मुद्दाम हेल काढून म्हणून दाखविल्या आणि सर्वांबरोबर आम्हीही हसलो. नंतर आम्ही जो अभिप्राय लिहिला, त्यात 'होतकरू', 'आशादायक', 'अधिक परिश्रमांची आवश्यकता' असे शब्द होते. त्यातील एकही शब्द खोटा म्हणून दाखविता आला नसता, आणि सबंध अभिप्राय खोटा होता. त्या तरुणाचे आभाराचे पत्र आले. त्यापुढे त्याची कविता कोठे छापलेली आमच्या पाहण्यात आली नाही. ती थांबण्याला आम्हीच कारण झालो, असे म्हणणे हा उलटा अहंकार होईल. परंतु मस्तकाखालचा हात हळूच काढून घेणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवसापासून ठाऊक आहे. 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक आम्ही तेव्हापासून निराळ्या दृष्टीने वाचतो.

आणि हे केवळ वाङ्मयापुरतेच आहे काय? 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांखाली आपल्या मध्यमवर्गीय घरांतून किती हात असे काढून घेतले जातात! सासरहून परत आलेली मुलगी, जातीबाहेर लग्न केलेला भाऊ, परीक्षेत नापास झालेला मुलगा. त्यांच्याविषयी लोक खरोखर काय म्हणतात याची चौकशी कोणी करीत नाही. एखादा दुर्मुख कानात काही सांगतो, आणि वडील माणसांनाही न विचारता निर्णय होऊन जातो. अशा घरांतून वासंतीचा प्रश्न कोणी तरी मोठ्याने विचारावयास हवा आहे.

भवभूतीच्या समानधर्म्याचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख आटोपतो घेतो. कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी भवभूतीबरोबर वाक्पतिराज नावाचा कवी होता, असे कल्हणाने 'राजतरंगिणी'त नमूद केले आहे. या वाक्पतिराजाने महाराष्ट्री प्राकृतात 'गउडवहो' हे काव्य लिहिले. आपल्या रचनेत जे गुण चमकतात ते भवभूतिरूपी समुद्रातून निघालेल्या काव्यामृताचे कण होत, अशी कबुली त्याने त्यात दिली आहे. म्हणजे ज्याच्यासाठी भवभूती अनंत काळाची वाट पाहावयास सिद्ध झाला होता, तो रसिक त्याच्याच काळात, जवळच होता! पुढे १८७६ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 'मालतीमाधव' आणि १८८७ साली शंकर पांडुरंग पंडितांनी 'गउडवहो' मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत संपादून प्रसिद्ध केले. अवज्ञा झालेला कवी आणि त्याला ओळखणारा कवी, असे दोघेही सुमारे अकराशे वर्षांनंतर एकाच मालेत येऊन बसले. काळ अनंत होता हे खरे ठरले, आणि पृथ्वी विस्तीर्ण होती हेही.

पण हे सर्व घडले, कारण भवभूतीने आपले नाटक नटांच्या हाती दिले होते. कपाटातील त्या वह्यांच्या मालकांना आमचे एवढेच सांगणे आहे.